जुना व्हिडिओ गेम नव्या टीव्हीला जोडला की काळा पडदा का येतो? मशीन भंगारात देण्याआधी हे बघा

मागच्या दिवाळीची साफसफाई सुरू होती. सांगलीच्या घरी आईने माळ्यावरून एक खोका खाली काढला आणि नेहमीचं वाक्य म्हणाली, "हे लागतंय का तुम्हाला? नाहीतर भंगारवाल्याला देते."

खोक्यात दोन मशीन होत्या. एक दादाचा, म्हणजे माझ्या मावसभावाचा, नव्वदच्या दशकातला कॅसेटवाला टीव्ही गेम. सोबत वायरला लटकलेली प्लॅस्टिकची बंदूक. दुसरी त्याचीच प्लेस्टेशन २, जी नंतर आमच्याकडे आली आणि जिच्यावर माझ्या शाळेच्या सुट्ट्या गेल्या.

मी कॅसेटवाली मशीन उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेली. दुकानदाराने ती आपल्या टीव्हीला जोडली. पडदा काळा, आणि स्पीकरमधून जोराचा भुर्रर्र आवाज. त्याने दोन मिनिटांत निकाल दिला, "बोर्ड गेलाय. टाकून द्या."

बोर्ड गेला नव्हता. वायर चुकीची होती. त्या भुर्रर्र आवाजाचा खरा अर्थ काय होता, ते मला चार दिवसांनी कळलं. तोपर्यंत खोका दारात, भंगाराच्या रद्दीशेजारी जाऊन बसला होता.

म्हणून हा लेख. माळ्यावरच्या 'बंद पडलेल्या' कितीतरी मशीन बंद पडलेल्याच नसतात. त्या आपलं चित्र पाठवत असतात, पण नव्या टीव्हीला ते समजत नसतं.

आधी भांडण काय आहे ते समजून घेऊ

जुना डबा टीव्ही चित्र कसं दाखवायचा? आत एक इलेक्ट्रॉनचा झोत असायचा. तो पडद्यावर डावीकडून उजवीकडे एकेक रेष ओढत वरून खाली यायचा. आधी एक सोडून एक रेषा, मग परत वर जाऊन मधल्या राहिलेल्या रेषा. हे सगळं इतक्या झपाट्याने, की डोळ्याला एकच सलग चित्र दिसायचं. भारतातल्या टीव्हीवर अशी अर्धी-अर्धी चित्रं सेकंदाला ५० यायची, अमेरिका आणि जपानमध्ये साधारण ६०.

जुन्या गेमवाल्यांनी इथे एक शक्कल लढवली. त्यांच्या मशीनमध्ये पूर्ण चित्र बनवायची ताकद नव्हती. म्हणून त्यांनी मधल्या रेषांचा नादच सोडला आणि प्रत्येक वेळी त्याच त्या रेषांवर चित्र काढलं. साधारण २४० रेषा, त्यांच्यामध्ये बारीक काळ्या फटी. यालाच गेमवाले लोक २४०पी म्हणतात. डबा टीव्हीला काही फरक पडायचा नाही. झोत जिथे ने म्हणाल तिथे तो न्यायचा.

एलईडी टीव्हीत झोतच नाही. त्याच्याकडे लाखो ठिपक्यांची पक्की जाळी आहे, आणि त्याला एक अख्खं चित्र हातात लागतं. त्यामुळे अँटेनातून किंवा पिवळ्या वायरमधून काही आलं की तो गृहीत धरतो, की हे अर्धं चित्र आहे, उरलेलं अर्धं मागून येतंय. मग तो थांबतो, दोन वेगवेगळी चित्रं एकमेकांत विणतो, ताणून पडद्याएवढी करतो, वर आपल्या मनाने रंग आणि कडा 'सुधारतो'. एवढं झाल्यावर आपल्याला दाखवतो.

मारिओ पळताना त्याच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात, ते यामुळे. गेममध्ये मार लागल्यावर आपला माणूस लुकलुकायचा, आठवतंय? एका फ्रेमला दिसायचा, पुढच्या फ्रेमला गायब. काही नव्या टीव्हींवर तो एकतर जाळीदार दिसतो नाहीतर पूर्ण गायबच राहतो, कारण टीव्हीने दोन फ्रेमची खिचडी केलेली असते. आणि उडीचं बटण दाबल्यावर मारिओ क्षणभर उशिरा उडतो, तेही याच सगळ्या सोपस्कारांमुळे. त्यावर पुढे येतेच.

टीव्हीच्या मागे डोकावून बघा

काही विकत घ्यायच्या आधी मोबाइलचा टॉर्च लावा आणि टीव्हीची मागची बाजू नीट बघा. तिथे काय आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

पिवळा-लाल-पांढरा असे तीन गोल सॉकेट दिसले तर तुम्ही नशीबवान. पिवळ्यात चित्र, लाल-पांढऱ्यात आवाज. विषय संपला. टीव्ही गेमला बऱ्याचदा दोनच वायर असतात, पिवळी आणि पांढरी. अशा वेळी आवाज एकाच बाजूने येईल, तो मशीनचा दोष नाही. या मशीनमध्ये स्टिरिओ नव्हताच.

पण बऱ्याच टीव्हींवर पिवळा सॉकेट दिसतच नाही. हिरवा, निळा, लाल आणि वर पांढरा-लाल असे पाच दिसतात. ही कॉम्पोनंटची जागा. इथे गंमत अशी आहे, की जागा वाचवायला कंपन्या हिरव्या सॉकेटलाच पिवळ्याचंही काम देतात. नीट पाहिलं तर त्याच्याभोवती अर्धं हिरवं, अर्धं पिवळं वर्तुळ असतं, किंवा बाजूला बारीक अक्षरात 'व्हिडिओ' लिहिलेलं असतं. पिवळी वायर त्या हिरव्यात घालायची आणि रिमोटवरून सोर्स 'एव्ही' निवडायचा. 'कॉम्पोनंट' निवडलात तर चित्र येईल, पण काळं-पांढरं. कारण कॉम्पोनंटमध्ये हिरव्या वायरमधून फक्त उजेड-अंधाराची माहिती येते, रंग निळ्या आणि लाल वायरमधून येतात. टीव्ही बिचारा रंगांची वाट बघत बसतो.

आमच्या घरी नेमकं हेच झालं. चार दिवसांनी, जाता जाता शेवटचं म्हणून मी घरच्या टीव्हीला वायर लावून पाहिली आणि पडद्यावर काळा-पांढरा मारिओ आला! म्हणजे मशीन जिवंत होती. सोर्स बदलला, रंग आले. आई स्वयंपाकघरातून ते संगीत ऐकून बाहेर आली.

तिसरा प्रकार म्हणजे एकच बारीक गोल भोक, हेडफोनच्या जॅकसारखं, शेजारी 'एव्ही इन' लिहिलेलं. पातळ टीव्हीत हल्ली हेच जास्त. त्यासाठी एका टोकाला जॅक आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांच्या पिना अशी जोडवायर लागते. टीव्हीच्या खोक्यात ती आलेली असते, पण ती कुठे गेली हे घरात कुणालाच माहीत नसतं. मग आपण बाजारातून कुठलीही आणतो आणि फसतो.

कारण या जॅकवर चार पट्टे असतात आणि कुठल्या पट्ट्यावर चित्र, कुठल्यावर आवाज, याबाबत सगळ्यांचं एकमत नाही. व्हिडिओ कॅमेऱ्याची वायर वेगळी, सेट टॉप बॉक्सची वेगळी, टीव्हीची वेगळी. दिसायला सगळ्या सारख्या. चुकीची वायर लागली की चित्र आवाजाच्या वाटेने जातं, आणि चित्राचा सिग्नल स्पीकरमधून ऐकला तर तो भुर्रर्र असाच ऐकू येतो. दुकानात झालं ते हे. खरं तर तो आवाज सांगत होता, की मशीन चित्र पाठवतेय!

उपाय फुकट आहे. रंगांवर विश्वास ठेवू नका. मशीनची पिवळी पिन जोडवायरच्या लाल टोकात घालून बघा, मग पांढऱ्या. एका जागी चित्र आलं, तर तीच जागा तुमची पिवळी समजा. असं अदलाबदल करून काही जळत नाही, फक्त आवाज आधी कमी करून ठेवा. तिन्ही ठिकाणी काहीच आलं नाही, तर त्या वायरीची जमीन, म्हणजे ग्राउंड, वेगळ्या पट्ट्यावर आहे. अशा वेळी टीव्हीच्या मॉडेलची वायर मागवा.

आणि चौथा प्रकार, मागे फक्त एचडीएमआय. मग डबी लागणार.

डबी घेताना लोक कुठे चुकतात?

'एव्ही टू एचडीएमआय' कन्व्हर्टर नावाची छोटी डबी काहीशे रुपयांत मिळते. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. अगदी अशाच दिसणारी दुसरी डबी असते, 'एचडीएमआय टू एव्ही'. ती उलटं काम करते, नव्या मशीनचं चित्र जुन्या टीव्हीला देते. दोन्हींना तेच तीन रंगांचे सॉकेट, तेच एचडीएमआयचं तोंड. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. डबीवर पिवळ्या सॉकेटच्या बाजूला 'इन' आणि एचडीएमआयच्या बाजूला 'आउट' लिहिलंय का, हे पैसे देण्याआधी बघा. साधी एव्ही-एचडीएमआय वायरही विकतात, जिच्यात मध्ये काही सर्किटच नसतं. ती कुठल्याच कामाची नाही. जुन्या मशीनचा सिग्नल ॲनालॉग, एचडीएमआयचा डिजिटल, आणि मध्ये भाषांतर करणारं कुणीतरी लागतंच.

डबीला स्वतःची वीज लागते. सोबत यूएसबीची वायर येते. ती टीव्हीच्या यूएसबीत लावून चित्र अधूनमधून जात असेल, तर मोबाइलच्या चार्जरला लावून बघा. डबीच्या अंगावर ७२० आणि १०८० असं एक बटण असतं. त्याने चित्र चांगलं होत नाही, फक्त ताणायचं माप बदलतं. एकावर टीव्ही नखरे करत असेल, तर दुसऱ्यावर टाका.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. टीव्हीला स्वतःची एव्हीची सोय असेल, तर डबी घेऊच नका. स्वस्त डबी तेच सोपस्कार करते जे टीव्ही करतो, बहुतेकदा त्याहून वाईट, आणि चित्र चौकोनी असेल तर ते सरळ रुंद ताणून देते. गोल चेंडूचं अंडं होतं. टीव्हीच्या मेनूत पडद्याचं माप ४:३ करून ते सावरता येतं, पण काही टीव्ही एचडीएमआयवर हा पर्याय देत नाहीत.

जुन्या गेमसाठी खास बनवलेली महागडी यंत्रंही आहेत. ती २४० रेषांना अर्धं चित्र समजत नाहीत, जसं आहे तसं मोठं करतात, आणि वेळही जवळपास घालवत नाहीत. त्यातलं रेट्रोटिंक ४के हे २०२३ मध्ये आलं तेव्हा त्याची किंमत ७५० डॉलर होती. ज्यांचा हा छंदच आहे, त्यांनी जरूर बघावं. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस काँट्रा खेळणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

कॅसेटवाल्या टीव्ही गेमचं वेगळं दुखणं

आपल्याकडे ज्याला नुसतं 'टीव्ही गेम' म्हणायचे, त्या बहुतेक मशीन म्हणजे निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉमच्या नकला. लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी त्या विकल्या गेल्या. '९९९९ इन १'ची कॅसेटही त्याच घराण्यातली, जिच्यात खरे गेम मोजकेच असायचे आणि तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. (आम्ही भावंडांनी एका सुट्टीत शंभरपर्यंत मोजून खात्री केली होती.)

यातल्या काहींना पिवळी वायर नसतेच, फक्त अँटेनाची. मशीन आतमध्ये एक छोटं टीव्ही केंद्र चालवते आणि एका ठरावीक चॅनेलवर चित्र सोडते. तुमच्या टीव्हीला अँटेनाचा सॉकेट असेल, तर निम्मी लढाई जिंकलात. कॅसेट लावून मशीन चालू ठेवा आणि मग टीव्हीच्या मेनूत जाऊन ॲनालॉग चॅनेल शोधायला लावा. मशीन बंद असताना शोधलंत तर टीव्हीला काहीच सापडणार नाही, आणि ही चूक होते. आपोआप शोधून मिळालं नाही, तर हाताने शोधायचा पर्याय घ्या आणि सुरुवातीच्या आकड्यांजवळ हळूहळू पुढे जा.

टीव्हीत ॲनालॉग चॅनेलचा पर्यायच नसेल तर? घरात जुना व्हीसीआर आहे का बघा. त्याच्या अँटेनाच्या सॉकेटमध्ये गेम लावायचा, व्हीसीआरवर चॅनेल पकडायचा आणि त्याच्या पिवळ्या सॉकेटमधून टीव्हीला चित्र द्यायचं. तोही नसेल, तर हाताला सोल्डरिंगची सवय असलेला मेकॅनिक मशीनच्या आतूनच पिवळी वायर बाहेर काढून देऊ शकतो. अँटेनाच्या डबीत शिरण्याआधी चित्र त्याच रूपात असतं.

आता ॲडॉप्टर. इथे मात्र जपून. जुना ॲडॉप्टर हरवलेला असतो आणि ज्याची पिन बसते तो आपण लावून टाकतो. तीन गोष्टी जुळायला हव्यात. व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनच्या आतल्या बाजूला प्लस आहे की मायनस. ही शेवटची गोष्ट मशीनच्या खाली किंवा ॲडॉप्टरवर छोट्या गोलाच्या चित्राने दाखवलेली असते. मूळ फॅमिकॉमला आत मायनस लागतो, आजच्या बहुतेक ॲडॉप्टरना आत प्लस असतो. उलटं लावलं की मग खरंच बोर्ड जाऊ शकतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या मशीनचं दुखणं अजून वेगळं. तिथली वीज १२० व्होल्टची, जपानची १०० ची, आपली २३०. मागच्या लेबलवर १००–२४० असं लिहिलेलं असेल तर बिनधास्त लावा. फक्त १२० लिहिलं असेल, तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये हवाच. पिनचा आकार बदलणारा दहा रुपयांचा सॉकेट व्होल्टेज बदलत नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा.

अशा परदेशी मशीनचं चित्र काळं-पांढरं आलं, तर दुसरंही एक कारण असू शकतं. भारतात १९८२ मध्ये रंगीत टीव्ही आला तो 'पाल' पद्धतीचा. अमेरिका-जपानची पद्धत 'एनटीएससी'. रंग पाठवायची रीत वेगळी. आजचे टीव्ही सहसा दोन्ही ओळखतात, पण मेनूत रंगाची पद्धत 'ऑटो'वर आहे ना, हे एकदा बघा.

आणि कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. सगळ्यांनी मारली, मीही मारली. खरा उपयोग कॅसेट काढून परत बसवण्याचा व्हायचा. फुंकरीतला ओलावा पितळी-सोनेरी पट्ट्यांना गंज चढवतो. कानात घालायच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्टे पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा.

प्लेस्टेशन २: एक सेटिंग, आणि डोक्याला ताप

२००० साली आलेली प्लेस्टेशन २ जगभरात १५ कोटींहून जास्त विकली गेली. महाराष्ट्रातल्या किती गल्ल्यांमध्ये तासावर पैसे घेऊन क्रिकेट आणि डब्ल्यूडब्ल्यूई खेळायला द्यायचे, ते वेगळं सांगायला नको. माळ्यावर सापडायची शक्यता हिचीच जास्त.

चांगली बातमी अशी, की हिच्या मागचं चपटं तोंड आणि प्लेस्टेशन ३ चं ॲनालॉग तोंड एकच आहे. एकीची वायर दुसरीला चालते. पिवळ्या वायरीने चित्र येतं, पण त्या एकाच वायरीत रंग आणि उजेड कोंबलेले असतात, म्हणून मोठ्या पडद्यावर ते धुरकट दिसतं. हिरवी-निळी-लाल अशी कॉम्पोनंट वायर लावली की लगेच फरक दिसतो. अक्षरं वाचता येतात. टीव्हीला कॉम्पोनंट नसेल, तर मशीनच्या मागे थेट बसणारी प्लेस्टेशन २ साठीची एचडीएमआय डबी मिळते. ती आतून कॉम्पोनंटच वापरते, त्यामुळे वरच्या पिवळ्या सॉकेटच्या डबीपेक्षा बरीच बरी.

आता ते सेटिंग. मशीनला रंग कुठल्या पद्धतीने बाहेर पाठवायचे हे सांगावं लागतं. ते चुकीचं असेल, तर कॉम्पोनंटवर किंवा डबीवर चित्र हिरवं-गुलाबी येतं किंवा येतच नाही. आणि चित्र नाही, तर मेनू दिसणार कसा? लोक इथे अडकतात आणि डबी परत पाठवतात.

तर असं करा. आधी पिवळी वायर लावा, तिला या सेटिंगचा फरक पडत नाही. डिस्क न घालता मशीन चालू करा. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जा, तिथे 'कॉम्पोनंट व्हिडिओ आउट' शोधा. 'आरजीबी' असेल, तर बदलून 'वाय'ने सुरू होणारा दुसरा पर्याय ठेवा. मशीन बंद करा, वायर बदला, परत चालू करा.

काही गेममध्ये आतल्या मेनूत प्रोग्रेसिव्ह स्कॅन नावाचा पर्याय असतो. तो लावला की गेम ४८०पी मध्ये चालतो, टीव्हीला अर्ध्या चित्रांची विणकाम करावी लागत नाही. पण पिवळ्या वायरीवर असताना तो लावू नका, पडदा काळा होईल. कॉम्पोनंटवरच लावायचा.

प्लेस्टेशन ३ ला पहिल्या दिवसापासून एचडीएमआय आहे, तिथे प्रश्नच नाही. फक्त जुन्या टीव्हीवरून नव्या टीव्हीवर आणल्यावर चित्र आलं नाही, तर मशीन बंद असताना पॉवरचं बटण दाबून धरा. एक बीप, मग काही सेकंदांनी दुसरी. दुसरी ऐकली की सोडा, चित्राची सेटिंग नव्याने सुरू होते. एक्सबॉक्स ३६० च्या २००५ मधल्या पहिल्या मशीनना एचडीएमआय नव्हतं, २००७ पासून ते आलं, त्यामुळे मागे बघूनच वायर घ्या. निन्टेन्डो वी ला एचडीएमआय कधीच नव्हतं. तिला कॉम्पोनंट वायर लावून सेटिंगमध्ये ४८०पी करा.

चित्र आलं, पण खेळताच येत नाही

सगळं जुळलं, आणि मारिओ पहिल्याच खड्ड्यात पडला. तुमचा हात बसला असेल, वय झालं असेल, पण बऱ्याचदा दोष टीव्हीचा असतो.

हिशोब बघा. सेकंदाला ५० चित्रं म्हणजे एक चित्र २० मिलिसेकंदाचं. टीव्हीने सोपस्कारांत १०० मिलिसेकंद घालवले, तर तुम्ही बघताय ते पाच चित्रं जुनं आहे. सिनेमा बघताना याने काहीच बिघडत नाही, कारण आवाजही तेवढाच थांबवता येतो. खड्ड्याच्या काठावर उडी मारायची असते, तिथे पाच चित्रं म्हणजे खड्डा.

टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो लावा. नवीन गेम मशीन टीव्हीला स्वतःहून सांगते, की आता गेम सुरू आहे. जुन्या मशीनला ते सांगता येत नाही, म्हणून हाताने लावायचं. आणि बऱ्याच टीव्हींत ते प्रत्येक सोर्ससाठी वेगळं असतं. एचडीएमआयवर लावलेला गेम मोड एव्हीवर लागू होतोच असं नाही. सोबत 'मोशन', 'नॉइज रिडक्शन', 'शार्पनेस' असल्या नावांचं जे जे काही असेल, ते बंद किंवा शून्य करा. चित्र थोडं कच्चं दिसेल, पण मारिओ तुमचं ऐकायला लागेल.

बंदुकीचं काय?

खोक्यातली बंदूक मी शेवटपर्यंत राखून ठेवली होती. बदकांचा गेम, म्हणजे निन्टेन्डोचा १९८४ चा डक हंट. गेम मोड लावला, वायर तपासली, कॅसेट पुसली. बदकं उडाली, मी मारल्या, एकही पडलं नाही. कुत्रा हसला.

आपल्याला लहानपणी वाटायचं, की बंदुकीतून टीव्हीकडे काहीतरी जातं. उलटं आहे. बंदूक काहीच सोडत नाही, ती बघते. नळीच्या आत उजेड ओळखणारा एक सेन्सर असतो. घोडा ओढला की गेम क्षणभर अख्खा पडदा काळा करतो, आणि लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन दाखवतो. आधी अंधार, मग ठरलेल्या क्षणी उजेड, असं बंदुकीला दिसलं तर नेम लागला. आधी अंधार दिसायला हवा, म्हणूनच बल्बकडे नेम धरून फसवता येत नाही.

ही सगळी परीक्षा एक-दोन चित्रांच्या वेळात संपते. एलईडी टीव्ही तो पांढरा चौकोन दाखवेपर्यंत गेमने 'नेम चुकला' असं लिहून टाकलेलं असतं. शिवाय बंदुकीतलं सर्किट डबा टीव्हीच्या झोताच्या लयीला, म्हणजे सेकंदाला १५ हजारांहून जास्त रेषांच्या लुकलुकीला जुळवलेलं असतं. एलईडीच्या पडद्यात ती लय नाहीच. त्यामुळे गेम मोड, महाग डबी, नवी वायर, काहीही लावा, ही बंदूक नव्या टीव्हीवर चालणार नाही. कुणी चालवून देतो म्हणालं, तर पैसे देऊ नका.

तिला डबा टीव्हीच लागतो. तो जुन्या वस्तूंच्या बाजारात, भंगारवाल्याकडे किंवा ऑनलाइन अगदी कमी पैशांत मिळतो, कारण घरातली जागा मोकळी झाली तरी लोकांना पुरे असतं. घेताना चालू करून बघा, पिवळा सॉकेट आहे ना ते बघा, आणि न्यायला दोन माणसं न्या, २१ इंची टीव्हीसुद्धा दिसतो त्यापेक्षा फार जड असतो. बिघडला तर मागचं झाकण स्वतः उघडू नका. बंद करून ठेवलेल्या डबा टीव्हीच्या आतही हजारो व्होल्टचा साठा राहिलेला असू शकतो.

आम्हाला तो लांब शोधावा लागला नाही. शेजारच्या काकूंच्या मागच्या खोलीत एक होता, वर चादर आणि चादरीवर वाळवणाचे डबे. भाऊबीजेला दादा पुण्याहून आला, तेव्हा आम्ही मशीन तिकडे नेली. चॅनेल लावायला पाच मिनिटं लागली. पहिला नेम आईने धरला, कारण भंगारात द्यायचं म्हणणारी तीच होती आणि आता बघायचं म्हणणारीही तीच. पहिली गोळी चुकली. दुसऱ्या गोळीला बदक पडलं.